मदत हवी आहे : 'स्वीटहार्ट्स'चं वादन कुणाकडे आहे का?

मंडळी, आमच्या श्रवणमंडळात बायकांच्या जाझ बँडवर एक बैठक घाटतेय. मुख्य विषय 'इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ ऱ्हिदम'. १९३७ साली मिसिसिपीतल्या पायनी वूड्स शाळेतून निघालेला हा मुलींचा बँड. पुढे नेतृत्व ॲना मे विनबर्नकडे, ट्रम्पेटवर टायनी डेव्हिस, टेनर सॅक्सोफोनवर व्हाय बर्नसाइड. बर्नसाइडबाई काय दमदार वाजवतात!

पण ऐकवायचं काय? कार्यक्रम तुडुंब भरायचे, रेकॉर्ड मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. १९४२ ते ४४ वादकांच्या संघटनेने रेकॉर्डिंग बंद ठेवलं होतं हे खरं, पण सगळं खापर त्यावर फोडणं मला पटत नाही. बंदी उठल्यावरही कंपन्यांनी हात आखडताच ठेवला. मुली 'बघायच्या', ऐकायच्या नव्हेत, हाच हिशेब असणार. बरंचसं वादन टिकलं ते सैनिकांसाठीच्या 'जुबिली' या रेडिओ कार्यक्रमामुळे. जाझच्या अभ्यासक रोझेटा राइट्झ यांनी स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढून १९८० च्या दशकात या बँडची एलपी (मोठी तबकडी) आणली, तेव्हा कुठे लोकांना कळलं.

ती एलपी कुणाकडे आहे का? डिजिटल करायची हमाली माझी. राइट्झ यांची कागदपत्रं ड्यूक विद्यापीठात आहेत. नॉर्थ कॅरोलिनातलं कुणी तिथे चौकशी करेल का?

शिवाय 'जुबिली'सारखे कार्यक्रम ज्यांवर असत त्या रेडिओच्या तबकड्या १६ इंची, घरच्या टर्नटेबलवर मावतच नाहीत. एक मिळण्याची शक्यता आहे. पुण्या-मुंबईत तेवढ्या लांब टोनआर्मचं (सुई धरणाऱ्या दांड्याचं) यंत्र कुणाकडे असेल तर प्लीज सांगा. तबकडी घेऊन मीच येईन.