अमेरिकेतले नवे लोकगायक आणि त्यांच्या लहान मैफली कशा शोधाव्यात?

चौथेकडवे (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नोकरीच्या निमित्ताने गेल्या वर्षी मी बॉस्टनजवळ राहायला आलो. जॉन प्राइन आणि नॅन्सी ग्रिफिथ यांच्या गाण्यांनी मला अमेरिकन लोकसंगीताची गोडी लावली. एकट्याने गिटार घेऊन उभे राहायचे आणि एखाद्या थकल्या जोडप्याची किंवा ओस पडलेल्या गावाची कहाणी तीन-चार कडव्यांत सांगून मोकळे व्हायचे, ही रीत मला फार जवळची वाटते. प्राइन 2020 मध्ये गेले आणि ग्रिफिथ 2021 मध्ये. त्या वाटेने आज कोण चालले आहे, हे मला शोधायचे आहे; पण स्ट्रीमिंगवर मी काहीही लावले तरी फिरून त्याच दहा-बारा नावांपाशी येऊन पोहोचतो. मध्यंतरी एका मोठ्या सभागृहात गेलो, तर गायिकेचा चेहरा पडद्यावर पाहावा लागला आणि निम्मे शब्द शेजारच्यांच्या गप्पांत विरून गेले. ज्या संगीताचा सगळा जीव शब्दांत आहे, ते असे ऐकून मन भरत नाही. नवे गीतकार-गायक नेमके कुठे सापडतात, आणि त्यांना जवळ बसून ऐकायचे असेल तर काय करावे?

बँजोप्रेमी

तुम्ही योग्य गावी येऊन पडला आहात. बॉस्टनला लागून असलेल्या केंब्रिजमधल्या हार्वर्ड स्क्वेअरला क्लब पासिम नावाचे, लोकसंगीताच्या मैफलींचे एक तळघर आहे. 1958 मध्ये ते ‘क्लब 47’ या नावाने दुसऱ्या जागी सुरू झाले आणि अगदी सुरुवातीच्या दिवसांत लोकगायिका जोन बाएझ तिथे गात असे. आज ती ना-नफा तत्त्वावर चालणारी संस्था आहे आणि शंभरच्या आसपास माणसे बसली की खोली भरते. न्यू यॉर्क राज्यातल्या साराटोगा स्प्रिंग्ज इथले कॅफे लीना 1960 पासून चालू आहे. तिथे 1961 मध्ये तरुण बॉब डिलन गाऊन गेला. बॉस्टनहून गाडीने तीन-साडेतीन तास लागतात, पण एकदा तरी जावेच.

माझा सल्ला असा की गायकाच्या मागे न लागता जागेच्या मागे लागावे. अशा ठिकाणी कार्यक्रम ठरवणाऱ्या माणसाचा कान वर्षानुवर्षे तयार झालेला असतो आणि त्याने बोलावलेल्या अनोळखी गायकावर डोळे झाकून विश्वास ठेवता येतो. जाहिरातीत ज्याचे नाव मोठ्या अक्षरांत आहे त्याच्या आधी अर्धा तास कोणीतरी गाणार असते, आणि बरेच लोक तेवढा वेळ बाहेर काढून उशिरा येतात. तुम्ही मात्र वेळेआधी पोहोचा, कारण मला आवडलेले निम्मे गायक मी त्या अर्ध्या तासात पहिल्यांदा ऐकले आहेत. तुम्ही प्राइनचे नाव घेतले म्हणून सांगतो: 1970 मध्ये तो शिकागोत टपाल वाटण्याचे काम करत होता आणि फिफ्थ पेग नावाच्या छोट्या जागेत गात होता. चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट तिथे येऊन बसला आणि त्याने वर्तमानपत्रात त्या गाणाऱ्या पोस्टमनवर लेख लिहिला. प्राइनची पहिली तबकडी त्यानंतरच्या वर्षी आली.

दुसरी वाट महोत्सवांतल्या नवोदितांच्या स्पर्धांची. टेक्सासमधला केरव्हिल महोत्सव 1972 पासून भरतो आणि त्याची ‘न्यू फोक’ स्पर्धा गीतलेखनासाठी आहे. लाइल लव्हेट आणि अनाइस मिचेल हे दोघेही गीतकार-गायक तिचे विजेते. अंतिम फेरीची यादी दरवर्षी जाहीर होते. ती घेऊन बसावे आणि एकेकाची दोन-दोन गाणी ऐकावीत. ईशान्येकडच्या फाल्कन रिज महोत्सवात नवोदितांमधून श्रोतेच मतदान करून निवड करतात आणि निवडलेल्यांना पुढच्या वर्षी पुन्हा बोलावले जाते. मला ती पद्धत परीक्षकांच्या निवडीपेक्षा अधिक भावते.

ओसरी

क्लबांविषयी वर आलेच आहे, पण तुम्हाला खरोखर जवळ बसायचे असेल तर हाउस कॉन्सर्टला जा. कोणीतरी रसिक आपल्या घरातला दिवाणखाना मोकळा करतो, तीस-चाळीस खुर्च्या मांडतो आणि गायकाला बोलावतो. तिकीट नसते, माणशी साधारण वीस-पंचवीस डॉलर द्यावेत अशी अपेक्षा असते आणि ती सगळी रक्कम गायकाच्या हाती जाते. गायकांनाही हे सोयीचे पडते, कारण दोन शहरांमधल्या प्रवासात आठवड्याच्या मधल्या दिवशी क्लब मिळत नाही, आणि इथे मुक्कामाची व जेवणाचीही व्यवस्था होते.

व्हर्मॉंटमधल्या अशाच एका घरी मी दुसऱ्या रांगेत, गायिकेपासून सहा-सात फुटांवर बसले होते. मायक्रोफोन नव्हता. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर गिटारची वरची तार तुटली. तिने गाणे थांबवले नाही. हात तारांवरून काढून उरलेले कडवे साथीशिवाय म्हटले, आणि मग नवी तार ओवून खुंटी पिळता पिळता ते गाणे ज्या आजीवर लिहिले तिच्याबद्दल बोलत राहिली. तार सुरात येईपर्यंत आम्हाला त्या आजीच्या स्वयंपाकघरातला ओटासुद्धा ठाऊक झाला होता. त्या गायिकेचे नाव मी त्या दिवसापूर्वी कधी ऐकले नव्हते. आज तिची सगळी गाणी माझ्याकडे आहेत.

अशी घरे शोधायची तर गायकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचे दौऱ्याचे वेळापत्रक पाहावे. तिथे ‘हाउस कॉन्सर्ट’ एवढेच लिहून फक्त गावाचे नाव दिलेले असते. यजमानांना ईमेलने आपली थोडक्यात ओळख करून द्यावी, म्हणजे ते पत्ता कळवतात. एकदा गेलात की त्यांच्या यादीत तुमचे नाव राहते.

खालचा_षड्ज

वरच्या दोघांशी मी सहमत आहे, फक्त घरबसल्या शोधण्याला कमी लेखू नये असे वाटते. एनपीआर या अमेरिकेतल्या सार्वजनिक रेडिओच्या ‘टायनी डेस्क’ नावाच्या, कचेरीतल्या टेबलापाशी होणाऱ्या मैफली मुळात तुमच्यासारख्याच तक्रारीतून जन्मल्या. ऑस्टिनमधल्या एका बारमध्ये गर्दीच्या गोंगाटामुळे लॉरा गिब्सन ही हळू आवाजात गाणारी लोकगायिका ऐकूच येईना, तेव्हा तिने एनपीआरच्या कचेरीत येऊन टेबलापाशी गावे असे तिथल्या माणसांचे गमतीत बोलणे झाले आणि 2008 मध्ये तसेच घडले. आता त्यांची नवोदितांसाठी स्पर्धा असते आणि हजारो प्रवेशिकांचे व्हिडिओ कोणालाही पाहता येतात. तुमच्या भागात डब्ल्यूयूएमबी हे लोकसंगीत लावणारे रेडिओ केंद्र ऐकू येते. तिथे गाणी माणूस निवडतो, म्हणून पुढे काय लागेल याचा अंदाज बांधता येत नाही. बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या संकेतस्थळावर गावाच्या नावाने शोधता येते, आणि तिथे घेतलेल्या गाण्यांच्या पैशांतला मोठा वाटा गायकाकडे जातो.

गाणे आवडले तर ते कोणी लिहिले तेही पाहत जा. नॅशव्हिलच्या ब्लूबर्ड कॅफेमध्ये, जिथे जेमतेम नव्वद खुर्च्या आहेत, 1985 पासून चार गीतकार खोलीच्या मधोमध गोलात बसतात आणि आळीपाळीने स्वतःचे गाणे कसे सुचले ते सांगून ते गातात. एका सहलेखकाच्या नावावरून दुसऱ्याकडे जात जात मी जितके गायक गोळा केले, तितके कोणत्याही यादीने दिले नाहीत.

चौथेकडवे

सर्वांचे मनापासून आभार. पासिममध्ये कोणालाही येऊन गाणे ऐकवता यावे म्हणून ओपन माइक असतो असे दिसते. केवळ श्रोता म्हणून तिथे गेले तर चालते का?

बँजोप्रेमी

चालते, आणि गाणाऱ्यांना ते हवेच असते. कोणी पहिल्यांदाच गात असेल तर कडवे विसरते, पुन्हा सुरुवात होते. अशा वेळी खोली शांत राहते, तुम्हीही राहा. एखादे गाणे मनात राहिले तर संपल्यावर त्या गायकाला गाठून तसे सांगा आणि पुढे कुठे गाणार आहे ते विचारा. पुष्कळांच्या गिटारच्या पेटीत ईमेल पत्ते लिहून घ्यायची एक वही असते. तिच्यात तुमचा पत्ता सुवाच्य अक्षरांत लिहा, कारण पुढच्या हाउस कॉन्सर्टचे बोलावणे तिथूनच येते.