कॅथलॅबमध्ये काम करते. ‘रेडिएशन डिटॉक्स’ किट आणि आयोडीनच्या गोळ्या घ्याव्यात का?

मानपाड्याची_नर्स

नमस्कार. ठाण्यातल्या एका हॉस्पिटलच्या कॅथलॅबमध्ये, म्हणजे एक्स-रेखाली बघत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं काम होतं तिथे, मी स्क्रब नर्स (टेबलाशी डॉक्टरांच्या हाताखाली) आहे, हे सहावं वर्ष. दिवसाला सहा-सात अँजिओग्राफी होतात, त्यातल्या दोन-तीन अँजिओप्लास्टीपर्यंत जातात. रात्री हार्ट अटॅकचा पेशंट आला की फोन येतो आणि मानपाड्याहून मिळेल त्या रिक्षाने निघावं लागतं. लेड ॲप्रन घालते, थायरॉईड कॉलर असली तर घालते. आमच्याकडे कॉलर तीनच आहेत आणि टेबलाशी माणसं चार-पाच.

अडीच महिन्यांपूर्वी एका सहकारी मुलीची नणंद लॅबमध्ये एक किट घेऊन आली. स्पिरुलिना आणि क्लोरेलाच्या गोळ्या, पाण्यात ढवळून प्यायची झिओलाइट नावाची राखाडी पावडर आणि समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल. महिन्याचे ३,४०० रुपये. ‘तुमच्या शरीरात रोज रेडिएशन साठतं, ते काढून टाकायला हवं’ असं ती म्हणाली. आम्ही पाच जणींनी घेतलं. माझी मुलगी चार वर्षांची आहे, दुसऱ्या बाळाचा विचार चाललाय, त्यामुळे मला ते फारच पटलं. नऊ आठवडे एकही दिवस न चुकता घेतलं.

मुलीच्या जन्मानंतर मला थायरॉईडचा त्रास सुरू झाला, थायरॉक्सिन ५० ची गोळी चालू आहे. आधीच्या तपासणीत टीएसएच (थायरॉईड मंदावली की हा आकडा वाढतो) २.८ होतं. मागच्या आठवड्यात ११.४ आलं. केस गळतायत, सकाळी उठवत नाही, दोन जिने चढले तरी थांबावं लागतं. डॉक्टरबाईंनी विचारलं, नवीन काय सुरू केलंत? मी सगळे डबे त्यांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी शेवाळाच्या कॅप्सूलवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, आजपासून बंद.

बंद केल्या. पण आता भीती वाटते की संरक्षणच गेलं. पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्या मिळतात असं वाचलं, त्या घेऊ का? आणि रोजच्या जेवणात असं काय असावं, ज्याने रेडिएशन सोसायला मदत होईल? कुणी या क्षेत्रातलं असेल तर कृपया सांगा.

ऐरोलीकर

ताई, माझा अनुभव थोडा वेगळा आहे, पण सांगतो. मागच्या वर्षी बाबांच्या जबड्याच्या कॅन्सरला रेडिएशन चालू होतं. मी काळजीपोटी व्हिटॅमिन ई आणि बीटा कॅरोटीनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या आणल्या. डॉक्टरांनी बाटली बघितली आणि त्याच दिवशी बंद करायला लावली. उपचारात किरणांनी पेशी मारायच्या असतात, गोळ्यांनी त्याच पेशींना आसरा मिळू शकतो, असं त्यांनी समजावलं. फिनलंडमधली एक मोठी चाचणीही सांगितली: २९ हजारांहून जास्त धूम्रपान करणारे पुरुष, बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. १९९४ सालची गोष्ट. मी तोपर्यंत समजत होतो की व्हिटॅमिन म्हणजे फायदा झाला तर झाला, तोटा नाहीच. ते खरं नाही.

वाशी_सेक्टर९

ताई, मी ट्रॉम्बेला हेल्थ फिजिक्समध्ये तेहतीस वर्षं नोकरी केली. डोसमीटर, बॅज, किरणोत्सर्ग मोजणं हेच माझं काम होतं. जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या मनातली भीती एका चुकीच्या वाक्यातून आली आहे, आणि ते वाक्य आधी निघायला हवं.

‘शरीरात रेडिएशन साठतं.’ कॅथलॅबमध्ये असं काही घडत नाही. एक्स-रे म्हणजे खोलीतल्या दिव्यासारखा. पेडलवरून पाय काढला की संपला. तुमच्या अंगात, कपड्यांवर, भिंतींवर काहीही उरत नाही. किरण गेले त्या क्षणी पेशींना काही इजा झाली असेल तर झाली, त्यातली बरीचशी शरीर स्वतः दुरुस्त करतं. पण बाहेर काढण्यासारखा पदार्थच आत नसतो. मग ती राखाडी पावडर आतड्यात जाऊन काढणार काय?

आता ज्या औषधांच्या नावावर अशी किट विकली जातात, ती औषधं खरी आहेत. ती कशासाठी आहेत ते ऐका.

किरणोत्सर्गी पदार्थ श्वासातून किंवा अन्नातून शरीरात शिरला तर गोष्ट वेगळी. चेर्नोबिलला २६ एप्रिल १९८६ ला अपघात झाला तेव्हा आयोडीन-१३१ हे किरणोत्सर्गी आयोडीन हवेत गेलं, गवतावर बसलं, गाईंच्या दुधात उतरलं आणि दूध मुलांनी प्यायलं. थायरॉईडला साधं आयोडीन आणि किरणोत्सर्गी आयोडीन यातला फरक कळत नाही, ती दोन्ही ओढून घेते. आधीच साध्या आयोडीनने ती भरून टाकली तर दुसऱ्याला जागा राहत नाही. पोलंडने त्या दिवसांत एक कोटीहून जास्त मुलांना आयोडीन पाजलं ते यासाठी. पोटॅशियम आयोडाइडच्या गोळीचं काम एवढंच: एकच ग्रंथी, एकच पदार्थ, आणि वेळही ठरलेली. किरणोत्सर्गी आयोडीन यायच्या आधी २४ तासांत किंवा आल्यावर पहिल्या दोन तासांत घेतली तर उत्तम, आठ तासांपर्यंत घेतली तरी उपयोग होतो, त्यानंतर फारसा नाही. एक्स-रेमध्ये आयोडीन-१३१ नसतंच. म्हणून तुमच्या कामात तिचा उपयोग शून्य.

आणि तोटा? मोठ्या माणसाची गोळी १३० मिलिग्रॅमची, त्यात सुमारे १०० मिलिग्रॅम आयोडीन असतं. आपली रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका गोळीत पावणेदोन वर्षांहून जास्त दिवसांचं आयोडीन. शेवाळाच्या कॅप्सूलमध्ये एवढं नसलं तरी किती आहे याचा भरवसा नसतो, एका बॅचमध्ये कमी, दुसरीत कितीतरी जास्त. ज्यांची थायरॉईड आधीच नाजूक आहे, त्यांची ग्रंथी जास्तीच्या आयोडीनने काम मंद करते. तुमच्या डॉक्टरबाईंनी बरोबर जागी बोट ठेवलं.

उलट बाजूने मीठ बघा. २०११ साली जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुवीजकेंद्राच्या अपघातानंतर चीनमध्ये लोकांनी आयोडीनयुक्त मिठाची पोती घरी नेली. आपल्याकडच्या मिठात ग्राहकाच्या हाती पडताना किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं असा नियम आहे. त्या एका गोळीएवढं आयोडीन मिळायला साडेसहा किलो मीठ एका वेळी खावं लागेल. रोजचं साधं मीठ मात्र महत्त्वाचं आहे. चेर्नोबिलच्या आसपास जिथे आहारात आयोडीन कमी होतं, तिथल्या मुलांच्या उपाशी थायरॉईडने किरणोत्सर्गी आयोडीन जास्त ओढलं.

तसंच प्रशियन ब्लू. १९८७ साली ब्राझीलमधल्या गोयानियात भंगारवाल्यांच्या हाती बंद पडलेल्या दवाखान्यातलं कॅन्सर उपचाराचं यंत्र लागलं, आतली सीझियम-१३७ या किरणोत्सर्गी पदार्थाची चमकणारी पूड लोकांनी घरी नेली, अंगाला लावली. चार जण गेले, त्यात सहा वर्षांची एक मुलगी होती. तेव्हा लोकांना प्रशियन ब्लू दिलं. ते आतड्यात सीझियमला धरून ठेवतं आणि शौचावाटे नेतं, शरीरातलं निम्मं सीझियम जायला जिथे ११० दिवस लागतात तिथे महिनाभर लागतो. प्लुटोनियमला ते चालत नाही, त्याला डीटीपीए नावाचं दुसरं औषध लागतं. प्रत्येक कुलपाची चावी वेगळी. ‘सगळ्या रेडिएशनवर’ चालणारं औषध मी तेहतीस वर्षांत पाहिलं नाही.

आता तुमचं खरं संरक्षण. कॅथलॅबमध्ये तुम्हाला लागणारे किरण बहुतेक पेशंटच्या अंगावरून उडून येतात, स्कॅटर म्हणतात ते. एक्स-रे सोडणारी ट्यूब टेबलाखाली असते. सी-आर्म (ट्यूब आणि समोरचा, चित्र टिपणारा डिटेक्टर धरणारी कमान) तिरपा केला की ट्यूबच्या बाजूला स्कॅटर जास्त, डिटेक्टरच्या बाजूला कमी. कुठे उभं राहायचं ते डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका. अंतर दुप्पट केलंत तर डोस साधारण चौथ्या हिश्शावर येतो. सिने (चित्रं नोंदवून ठेवणं) चालू असताना फ्लुरोपेक्षा (नुसतं थेट बघण्यापेक्षा) किती तरी जास्त किरण निघतात, हातात काम नसेल तेव्हा दोन पावलं मागे जा, छताला टांगलेल्या काचेच्या आड. ॲप्रन घडी घालून खुर्चीवर टाकत असाल तर ते आजच थांबवा, आतल्या शिशाला भेगा पडतात. फ्लुरोखाली पसरून तपासायला सांगा. कॉलर तीनच आहेत हे लेखी कळवा.

आणि तुमचा टीएलडी बॅज, अंगावर किती किरण पडले ते मोजणारा, कुठे आहे? ॲप्रनच्या आत, छातीवर असायला हवा. दर तीन महिन्यांनी त्याचं रीडिंग येतं, ते बघायचा तुम्हाला हक्क आहे. आपल्याकडे कर्मचाऱ्यांसाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (किरणांच्या डोसचं माप), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. तुलनेला, निसर्गातून जगभर माणसाला सरासरी २.४ मिळतं. आकडा हातात आला की भीतीला माप मिळतं. बाळाचं म्हणाल तर दिवस गेल्याचं कळताच रेडिएशन सेफ्टी ऑफिसरना लेखी सांगा. त्यानंतर उरलेल्या काळात गर्भाला १ मिलिसीव्हर्टपेक्षा जास्त मिळू नये, असं तुमचं काम ठरवायचं असतं.

कळव्याची_आजी

पोरी, माझा जावई एक्स-रे टेक्निशियन आहे. मी त्याला रोज तुळशीची पानं, आमसुलाएवढी हळद आणि मोरावळा देते. वीस वर्षांत त्याला काही झालेलं नाही. तुळशीवर तर आपल्या देशात संशोधन झालंय म्हणतात. तूही घे, यात काही वाईट नाही.

वाशी_सेक्टर९

आजी, संशोधन झालंय हे खरं. मणिपालला तुळशीच्या अर्कावर चांगलं काम झालं होतं. पण ते उंदरांवर, अर्क टोचून, आणि किरण देण्याच्या आधी. चहातल्या चार पानांवरून तसा हिशेब मांडता येत नाही. माणसांसाठी मान्यता मिळालेलं अमिफोस्टिन नावाचं औषध आहे, तेही रेडिओथेरपीच्या आधी शिरेतून देतात आणि त्याने उलट्या होतात, रक्तदाब खाली जातो, म्हणून दवाखान्यातच देतात. जावयाला मोरावळा जरूर द्या. त्याचा बॅज आणि ॲप्रनही एकदा विचारा.

खारघरची_वीणकर

मला थायरॉईडचा कॅन्सर होता आणि मी स्वतः किरणोत्सर्गी आयोडीन प्यायले आहे, म्हणून काकांच्या म्हणण्यात भर घालते. माझ्यासाठी आहार खरोखर उपचाराचा भाग होता, आणि तो उलटा होता. डोसच्या आधी दोन आठवडे आयोडीन जवळजवळ बंद. ग्रंथीच्या उरलेल्या पेशी उपाशी ठेवायच्या, म्हणजे औषध त्या पटकन ओढतील. आयोडीन नसलेलं मीठ शोधायला आमच्या ह्यांना तीन दुकानं फिरावी लागली, सैंधव म्हणून आणलेल्या एका पुड्यावर बारीक अक्षरात आयोडीनयुक्त लिहिलेलं निघालं. मासे, दूध, दही, अंड्याचा बलक, बेकरीचं सगळं बंद. भात, तुरीचं वरण, दुधी, पडवळ, आणि शेंगदाणे घरी भाजून. बाहेरचं लोणचं-पापडसुद्धा नाही, त्यातलं मीठ कुठलं ते कळत नाही.

डोसनंतर वेगळी खोली. भरपूर पाणी, दुसऱ्या दिवसापासून लिंबाच्या गोळ्या, लाळग्रंथी चालू राहाव्यात म्हणून. शौचालयात दोनदा पाणी सोडायचं. मीटर लावून आकडा खाली आल्यावरच घरी सोडलं. मग नात आठवडाभर मुलुंडला आत्याकडे. दारातून हात हलवून गेली ती, मला जवळ घेता आलं नाही.

तेव्हा ताई, ‘बाहेर काढायचं रेडिएशन’ माझ्या अंगात होतं. तुमच्यात नाहीये. आयोडीन-१३१ तर आठ दिवसांत आपोआप निम्मं होतं, आणि मला त्यासाठी पाण्याशिवाय कुणी काही दिलं नाही.

मानपाड्याची_नर्स

सात आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला, माफ करा.

काका, तुम्ही बॅजचं विचारलंत आणि मला त्याच रात्री झोप आली नाही. माझा बॅज लॉकरच्या आतल्या खिळ्याला होता. एका घाईच्या रात्री तिथे अडकवला आणि तिथेच राहिला. सेफ्टी ऑफिसरनी सगळी रीडिंग काढून दिली. पहिल्या चार वर्षांत वर्षाला १ मिलिसीव्हर्टच्याही आत. शेवटच्या तीन तिमाह्यांमध्ये जवळपास शून्य, आणि ते खरं नाही. सर रागावले नाहीत, पण त्यांनी नोंद केली. आता ॲप्रन घालायच्या आधी हात छातीवर जातो, बॅज आहे ना बघायला.

ॲप्रन फ्लुरोखाली तपासले. नऊपैकी दोघांना भेगा, त्यातला एक मी नेहमी घेते तो, डाव्या खांद्यापाशी बोटभर. दोन्ही काढून टाकले. कॉलरसाठी अर्ज केला, चार मंजूर झाल्या.

टीएसएच ४.१ वर आलंय, गोळी तीच आहे, फक्त कॅप्सूल थांबवली. बाळासाठी अजून खाली हवं म्हणून सहा आठवड्यांनी परत बघणार. बाकीच्या चौघींना रिपोर्ट दाखवला. एकीला गळ्यापाशी सूज होती, ती तपासायला गेली. जेवणाचं म्हणाल तर हिमोग्लोबिन ९.८ निघालं. किटच्या पैशांत आता खजूर, शेवग्याचा पाला, आठवड्यातून दोनदा बांगडा आणि डॉक्टरांनी दिलेलं लोह-फॉलिक. रेडिएशनसाठी नाही, माझ्यासाठी.

आजी, मोरावळा घरी केला. छान झाला.

काका, एक शेवटचं. मला चष्मा आहे. लेडचा चष्मा त्यावरून घालता येतो का?

वाशी_सेक्टर९

येतो, चष्म्यावरून बसणारे मिळतात. नंबर घालूनही करून देतात, पण महाग. घेताना बाजूलाही शिसं असलेला घ्या. तुम्ही मॉनिटरकडे बघत असता तेव्हा स्कॅटर कडेने डोळ्यात जातो. डोळ्याच्या भिंगासाठीची शिफारस २०११ साली वर्षाला १५० वरून २० मिलिसीव्हर्टवर आणली गेली, मोतीबिंदूमुळे. नाकावर सैल बसला तर खालून फट राहते, म्हणून घालून बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.