कातळशिल्पातील गेंडा आणि पॅरासेराथेरियम

आंबोळकर (प्रश्न):
रत्नागिरी जिल्ह्यातील कातळशिल्पांमध्ये गेंड्याचीही आकृती असल्याचे अभ्यासक सांगतात, मात्र आज कोकणात गेंडा नाही. अलीकडे पॅरासेराथेरियम या नामशेष महाकाय गेंड्याविषयी वाचनात आले. त्याचे जीवाश्म बलुचिस्तानात मिळाले आहेत. सड्यावरची (कातळाच्या उघड्या पठारावरची) आकृती त्याची असू शकेल काय, आणि त्याची हाडे आपल्या जांभ्याखाली सापडतील काय?

देवगडकर:
आकृती त्याची असणे शक्य नाही. पॅरासेराथेरियम सुमारे ३.४ ते २.३ कोटी वर्षांपूर्वी, ओलिगोसीन काळात वावरत होते. आपली मानवजात जेमतेम तीन लाख वर्षांची आहे. शिवाय खांद्यापाशी पावणेपाच मीटर उंच आणि १५ ते २० टन वजनाच्या, लांब मानेने झाडांचा पाला खाणाऱ्या या प्राण्याला शिंगच नव्हते, त्यामुळे नाकावर शिंग कोरलेले दिसले की तो प्राणी वेगळा, हे निश्चित धरावे.

भूशास्त्राचा विद्यार्थी:
हाडांविषयी लिहितो. कोकणचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे सगळ्याच गेंड्यांहून जुना आहे. त्यावरचा जांभा पावसाने सिलिका वाहून नेल्यावर उरलेल्या लोह-ॲल्युमिनियमचा बनलेला असून, तो घडवणाऱ्या आम्लधर्मी पाण्यात हाडे विरघळून जातात. रत्नागिरीकडे विहिरी खणताना जांभ्याखाली लिग्नाइटचे (तपकिरी कोळशाचे) थर लागतात, पण त्यांत मिळतात ते वनस्पतींचे अवशेष. याउलट बलुचिस्तानातील डेरा बुगटी येथे नद्यांनी आणलेल्या गाळात हाडे लगेच पुरली गेली आणि टिकली. तेथील जीवाश्मांचे वर्णन जीवाश्मतज्ज्ञ गाय पिलग्रिम यांनी १९०८ मध्ये ॲसेराथेरियम या गेंड्याच्या आधीच ज्ञात असलेल्या नामशेष प्रजातीखाली केले; क्लाइव्ह फोर्स्टर कूपर यांनी १९११ मध्ये पॅरासेराथेरियम ही स्वतंत्र प्रजाती मांडली. माझ्या मते कूपर यांचे काम अधिक मोलाचे, कारण अपुऱ्या अवशेषांवरूनही हा प्राणी निराळा असल्याचे त्यांनी ओळखले.

आंबोळकर:
मग कोरणाऱ्यांनी गेंडा पाहिला तरी कुठे?

देवगडकर:
फार दूर जावे लागले नसावे. गुजरातेत लांघणज येथे मध्याश्मयुगीन वस्तीच्या उत्खननात गेंड्याचे खांद्याचे हाड मिळाले आहे, आणि आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेल्या ब्राँझच्या वस्तूंत हत्ती व रेड्यासोबत गेंडाही आहे. पश्चिम भारतात त्या काळी हा प्राणी ओळखीचा होता, असे मानायला त्यामुळे चांगला आधार मिळतो. कोकणातच तो होता की कोरणारे अन्यत्र हिंडून आले होते, हे मात्र केवळ आकृतीवरून ठरवता येणार नाही.