जुन्या केचची मागची डोलकाठी काढावी का?

औंधकर
आम्हा तिघा मित्रांची ३६ फुटी फायबरची केच, म्हणजे पुढे उंच आणि मागे आखूड अशा दोन डोलकाठ्यांची शिडाची होडी, १९७०च्या दशकातली असून पावसाळ्यासाठी मुंबईत किनाऱ्यावर घेतली आहे. गोव्याहून परतताना दुपारी वायव्येचा वारा अगदी समोरून येतो, तेव्हा मागचे शीड मोठ्या शिडाच्या आडोशाला नुसते फडफडत राहते. म्हणून मागची डोलकाठी काढून पुढची पाच फूट उंच करण्याचे आम्ही ठरवले आहे. आजच्या काळात केच बाळगणे हा निव्वळ हौसेचा हट्ट आहे.

कोथरूडकर
‘निव्वळ हौसेचा हट्ट’ हे शब्द वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. होडी ज्याने आखली त्याने शिडांवरच्या दाबाचा मध्य आणि कीलच्या, म्हणजे तळाच्या खोल पात्याच्या, पाण्याला होणाऱ्या विरोधाचा मध्य यांचा मेळ दोन डोलकाठ्या धरून घातलेला असतो. मागचे शीड गेले की पहिला मध्य पुढे सरकतो. मग सुकाणू हातातून सुटल्यावर वाऱ्यासमोर येऊन थांबणारी होडी उलट वाऱ्याबरोबर वाहवत जाऊ शकते. रत्नागिरीच्या अलीकडे आम्हाला एकदा जोराच्या वाऱ्याने गाठले. होडीवर आम्ही दोघे नवराबायकोच होतो. मोठे शीड पूर्ण उतरवले, लहान जिब (सर्वांत पुढचे शीड) आणि मागचे शीड एवढ्यावर रात्र काढली, आणि पहाटेपर्यंत सुकाणू एका हाताने धरता येत होते. मुंबईतच बांधलेली ३२ फुटी ‘सुहैली’ १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी एकट्याने कुठेही न थांबता जगाभोवती नेली. तीही केचच होती.

औंधकर
दाखलेच द्यायचे तर पूर्ण द्यावेत. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ज्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली तिला एकच डोलकाठी आहे, आणि ‘तारिणी’ या नौदलाच्या होडीलाही एकच. ‘सुहैली’च्याच धर्तीवर बांधलेल्या ‘थुरिया’च्या मात्र दोन्ही डोलकाठ्या २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब या एकट्याने जगाभोवती जाण्याच्या शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात मोडल्या आणि अभिलाष टॉमी यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. तेच टॉमी पुढे २०२३ मध्ये एका डोलकाठीच्या होडीतून त्याच शर्यतीत दुसरे आले. तोलाचे म्हणाल, तर बूम, म्हणजे मोठ्या शिडाच्या तळाची आडवी काठी, लांबवून तो साधता येतो.

कोथरूडकर
हा युक्तिवाद मला अजिबात मान्य नाही. टॉमी यांची ती दुसरी होडी रस्लर ३६ जातीची होती, आणि २०१८च्या शर्यतीत त्याच जातीच्या दुसऱ्या एका होडीची एकुलती एक डोलकाठी होडी उलटल्यावर गेली. लाट होडीला उलटवते तेव्हा ती डोलकाठ्या मोजत नाही. ‘म्हादेई’ तर ५६ फुटी, मुळातच एका डोलकाठीसाठी आखलेली. तुम्ही बूम लांबवाल. पण रात्री दोन वाजता ते थोरले शीड आवरायला तुमच्या तिघांपैकी कोण उठणार आहे, हेही लिहा.

सिंहगड रस्ता
दोघेही डोलकाठ्यांची संख्या मोजत बसला आहात. त्यांना धरून ठेवणाऱ्या तारा किती वर्षांच्या आहेत, हे कोणीच लिहिलेले नाही. आमची होडी घेताना विकणाऱ्याने ‘तारा नव्या आहेत’ असे छातीठोकपणे सांगितले होते, आणि त्या खरोखर नव्या होत्या. पण डेकखाली एका चेनप्लेटच्या, म्हणजे तारांची खालची टोके होडीला जोडणाऱ्या पोलादी पट्टीच्या, कडेला चहाच्या डागासारखी बारीक तपकिरी रेघ दिसली म्हणून ती पट्टी काढून व्हाइसमध्ये धरली, तर दुसऱ्या हिसक्याला ती डेकमधून जाते नेमक्या त्याच जागी तुटली. वरून ती आरशासारखी चकाकत होती. स्टेनलेस पोलादाला गंजापासून वाचवणारा थर टिकायला प्राणवायू लागतो; सीलंटच्या आत खारे पाणी कोंडले की तो मिळत नाही आणि धातू आतून पोखरला जातो. तारांचेही तसेच: खालच्या टोकाच्या नळीत पाणी साचते. जुन्या सुती धोतराचा तुकडा तारेवरून फिरवा. तो जिथे अडकेल तिथे धागा तुटलेला आहे.

औंधकर
आमच्या तारा बारा वर्षांच्या आहेत. सगळ्या बदलायच्याच असतील तर डायनीमा हा कृत्रिम धाग्याचा मजबूत दोर का वापरू नये? वजन कितीतरी कमी होईल.

कोथरूडकर
कायम ताणाखाली तो हळूहळू लांबत जातो, आणि धारदार कडेवर घासला तर काय होते ते वेगळे सांगायला नको. तारच घ्या.

सिंहगड रस्ता
लांबतो, हे खरे. पण जाडी वाढवून घेतली तर ते लांबणे नगण्य राहते, आणि त्याची झीज डोळ्यांना दिसते. तार दहा-पंधरा वर्षे उत्तम दिसते आणि एके दिवशी सूचना न देता जाते. शिवाय दोन्ही डोलकाठ्यांची डोकी जोडणारी आडवी तार तुमच्या केचवर असेल, तर एक डोलकाठी पडताना दुसरीलाही ओढून नेऊ शकते. डोलकाठी काढण्याआधी ती तार पाहा.

कोथरूडकर
झीज दिसते, एवढे मान्य करतो. माझ्या होडीवर मात्र तो येणार नाही.

औंधकर
ती आडवी तार आमच्याकडे आहे. काल मुंबईला जाऊन डाव्या बाजूची मधली चेनप्लेट उघडली, तर डेकच्या जाडीत तीच तपकिरी रेघ निघाली. समोरच्या वाऱ्यात मागचे शीड निरुपयोगी असते, हे माझे मत अजूनही कायम आहे. परंतु नव्या डोलकाठीसाठी बाजूला ठेवलेले पैसे यंदा सगळ्या चेनप्लेटांत आणि तारांत जातील. सिंहगड रस्ता, आपण पट्ट्या कोणत्या प्रतीच्या पोलादाच्या करून घेतल्यात, तेवढे कळवावे.

सिंहगड रस्ता
३१६. आणि भोके पाडून झाल्यावर त्यांच्या कडाही आतून पॉलिश करून घ्या.