अनुभव धागा: फुल फॉर्म पाठ होता, तरी आपटलो

साबण, शाम्पू, डिटर्जंट असल्या रोजच्या खपाच्या वस्तूंच्या धंद्यात, म्हणजे एफएमसीजीत, मी नवीन लागले तेव्हाची पहिलीच मीटिंग. सर म्हणाले, "एमटीत ओओएस वाढलाय, सेकंडरी पडलीय, पण प्रायमरी एलवायच्या वर आहे." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली, वर हसलेसुद्धा, कारण "वर आहे" एवढंच कळलं होतं.

घरी येऊन वहीतला एकेक शब्द सोडवला. एमटी म्हणजे मॉडर्न ट्रेड, मोठी साखळी दुकानं. ओओएस म्हणजे आउट ऑफ स्टॉक. एलवाय म्हणजे लास्ट इयर. सगळे फुल फॉर्म हातात, तरी वाक्य लागेना. दोन दिवसांनी शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी कागदावर तीन चौकोन काढले: कंपनी, वितरक, दुकान. पहिल्याकडून दुसऱ्याकडे गेला तो माल प्रायमरी, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेला तो सेकंडरी. दुकानातून गिऱ्हाइकाने उचलला तो ऑफटेक, काही जण त्याला टर्शरी म्हणतात. म्हणजे सर सांगत होते की आपण माल वितरकाच्या गळ्यात मारलाय आणि तो पुढे सरकत नाहीये. मी हसले होते ते वाईट बातमीला.

फुल फॉर्मच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात, त्या इथे नकोत. फुल फॉर्म माहीत असूनही जिथे फजिती झाली, ते लिहा. कंपन्यांची नावं टाळा.

गोदामकर

माझी फजिती दोन अक्षरांची. ऑर्डरच्या स्क्रीनवर संख्येशेजारी एक चिंचोळा रकाना असतो, यूओएम, म्हणजे मोजायचं एकक. ईए असेल तर नग, सीएस असेल तर केस, म्हणजे अख्खं खोकं. हे मला पाठ होतं. पण तो रकाना आधीच भरलेला येतो आणि त्यात सीएस असतं, हे कोणी सांगितलं नव्हतं. एका मंद खपाच्या शाम्पूचे ४८ नग हवे होते, मी ४८ टाकून एंटर मारलं. एका केसमध्ये २४ बाटल्या. तिसऱ्या दिवशी गेटवरून फोन, "साहेब, ही ४८ खोकी उतरवायची कुठे?" १,१५२ बाटल्या! रॅकवर जागा नव्हती, म्हणून खोकी फोर्कलिफ्टच्या वाटेत रचावी लागली. फोर्कलिफ्टवाले काका पुढे कितीतरी दिवस मला बघितलं की मुद्दाम हॉर्न द्यायचे.

तीच खोकी पुन्हा नडली. फिफो म्हणजे आधी आला तो आधी बाहेर, फेफो म्हणजे ज्याची मुदत आधी संपते तो आधी बाहेर. एरवी दोन्हीत फरक पडत नाही. पण माझ्या ४८ खोक्यांनंतर दुसऱ्या गोदामातून त्याच शाम्पूचा जुन्या बॅचचा माल परत आला. आला नंतर, मुदत मात्र आधीची. आम्ही इमानेइतबारे फिफो पाळत माझी खोकी काढत राहिलो आणि मागचा माल जागच्या जागी म्हातारा झाला.

लाइन नंबर तीन

कारखान्यात दुसरा दिवस. फोनवर निरोप, "पीएम नाहीये, लाइन बंद आहे." मी धावत प्रॉडक्शन मॅनेजरांच्या केबिनमध्ये. ते शांतपणे म्हणाले, "मी तर सकाळपासून इथेच आहे." पीएम म्हणजे पॅकिंग मटेरियल, ट्यूबची झाकणं आली नव्हती. पुढच्याच आठवड्यात फलकावर लिहिलेलं, "आज पीएम, लाइन बंद." आता मी शहाणा झालो होतो, झाकणं मोजायला गेलो. तर ते पीएम म्हणजे प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स. थोडक्यात काय, पीएम नसलं तरी लाइन बंद, असलं तरी बंद.

आणि एक. भर बसमध्ये फोनवर "बॉम एक्स्प्लोड करून बघ, मग कळेल" असं मोठ्याने बोलू नये. बॉम म्हणजे बिल ऑफ मटेरियल्स: एका ट्यूबला काय काय लागतं, म्हणजे आतलं क्रीम, ट्यूब, झाकण, लेबल, बाहेरचा खोका. तो फोडायचा म्हणजे दहा हजार ट्यूबना प्रत्येक गोष्ट किती लागेल ते काढायचं. शेजारच्या बाई उठून पुढच्या सीटवर गेल्या.

पुरवठेकरीण

ओटिफ. ऑन टाइम, इन फुल. वेळेवर आणि पूर्ण. यात न कळण्यासारखं काय आहे, असंच मलाही वाटलं होतं.

आमचा फिल रेट ९८ टक्के होता. शंभर केस मागितल्या तर अठ्ठ्याण्णव पोचायच्या. मी तो आकडा मोठ्या टायपात लावून एका मोठ्या ग्राहकाच्या बैठकीला गेले. समोरच्या मॅडमनी त्यांची शीट फिरवून दाखवली: ओटिफ, शून्य. मला वाटलं फॉर्म्युला तुटलाय. तुटला नव्हता. त्या महिन्यात दहा ऑर्डरी होत्या, प्रत्येकी शंभर केसच्या, आणि प्रत्येकीत दोन केस कमी गेल्या होत्या. केस मोजल्या तर ९८ टक्के. ऑर्डरी मोजल्या तर एकही पूर्ण नाही. त्याऐवजी एकाच ऑर्डरीत वीस केस कमी पाठवल्या असत्या, तर फिल रेट तेवढाच राहिला असता आणि ओटिफ नव्वद झाला असता. मला हे अजूनही अन्यायाचं वाटतं, पण गणित त्यांचं बरोबर होतं.

मग "वेळेवर" वर गाडी आली. आमच्या लेखी वेळेवर म्हणजे ट्रक आमच्या गेटातून सुटला ती वेळ. त्यांच्या लेखी, त्यांच्या धक्क्यावर ठरलेल्या तासात लागला ती. त्यांच्याकडे लवकर आलेला ट्रकही वेळेवर धरत नाहीत, कारण तो उतरवायला तेव्हा माणसं नसतात. दोन वर्षं दोन्ही कंपन्या एकाच शब्दाने दोन वेगळ्या गोष्टी मोजत होत्या आणि दर महिन्याला भांडत होत्या. हल्ली मी कुठलाही नवा करार हातात आला की आधी व्याख्यांचं पान काढते.

एसअँडओपी

एसओपीच्या मीटिंगला बोलावलंय असं ऐकून कामाच्या कार्यपद्धतीची फाइल घेऊन गेलो. मीटिंग एसअँडओपीची होती, म्हणजे विक्री आणि उत्पादन यांचा मेळ घालायची. पुढच्या तीन महिन्यांचा अंदाज विचारला. फाइलमध्ये हात कसे धुवावेत ते होतं.

फिरस्ता

आमच्या भागात शंभर दुकानं धरा. माझा माल तीस दुकानांत होता, सहकाऱ्याचा साठ दुकानांत. डिस्ट्रिब्युशन शब्दाचा अर्थ मला विचारायची गरज नव्हती, पायांना माहीत होता. तरी शाबासकी मला मिळाली. तो माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. प्रकार असा की तीस हे न्यूमरिक डिस्ट्रिब्युशन, नुसती दुकानं मोजून. वेटेड डिस्ट्रिब्युशन काढताना त्या प्रकारच्या मालाच्या एकूण विक्रीतला त्या दुकानांचा वाटा बघतात. माझी तीस दुकानं दणकून विकणारी होती, त्यांच्याकडे सत्तर टक्के धंदा. त्याच्या साठ दुकानांत मिळून पंचवीस. खरं सांगायचं तर त्यात माझी हुशारी काही नव्हती, मोठी दुकानं माझ्या घराच्या वाटेवर होती.

कॉलम ए

माझा विषय बारकोड. जीटीआयएन म्हणजे वस्तूचा जागतिक क्रमांक, हे माहीत होतं. चारशे एसकेयूंची, म्हणजे वेगवेगळ्या वस्तू-आकारांची, यादी स्प्रेडशीटमध्ये उघडली, सेव्ह केली, पाठवली. दुसऱ्या दिवशी अर्धी यादी "क्रमांक अवैध" म्हणून परत. स्प्रेडशीटला वाटलं हा आकडा आहे, म्हणून काही क्रमांकांचं सुरुवातीचं शून्य खाऊन टाकलं, आणि काहींचं १.२३ई+१२ असं करून ठेवलं. नावात नंबर असला तरी तो नंबर नव्हे, ती ओळख आहे. कॉलम आधी टेक्स्ट करायचा.

चूक पकडली ती शेवटच्या अंकाने. तेरा अंकी कोडातले पहिले बारा अंक आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचे, बेरीज करायची, पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो तेरावा अंक. १२३४५६७८९०१२ घ्या: बेरीज ९२, म्हणून तेरावा ८. कागदावर करून बघा, मजा येते. दुकानात वस्तूवरचा असा कोड पहिल्यांदा स्कॅन झाला २६ जून १९७४ ला, अमेरिकेतल्या ओहायोत, च्युइंग गमच्या पाकिटावर. तो यूपीसी होता, म्हणजे तिकडचा बारा अंकी बारकोड. आणि हो, कोडाच्या सुरुवातीच्या अंकांवरून माल कुठल्या देशात बनला ते कळत नाही. क्रमांक कुठल्या देशाच्या जीएस१ संस्थेकडून, म्हणजे हे क्रमांक देणाऱ्या संस्थेकडून, घेतला, एवढंच कळतं. यावरून मी घरात पैज हरलोय.

लेबल वाचणारी

मी धंद्यातली नाही, नुसती गिऱ्हाईक. क्रीमच्या डबीवर उघड्या बरणीचं चित्र आणि आत "१२एम". मला वाटलं बारावा महिना, डिसेंबर. जूनमध्ये उघडलेली डबी डिसेंबरअखेर, निम्मी भरलेली असताना, टाकून दिली. त्याला पीएओ म्हणतात: उघडल्यापासून बारा महिने चालेल. डबी कधी उघडली ते कुठेच लिहिलेलं नसतं. आता मी झाकणावर पेनाने तारीख टाकते.

आकडेमोड्या

८० ला घेतलं, १०० ला विकलं. वीस वाढले. घेतलेल्या किमतीवर २५ टक्के, हा मार्कअप. विकलेल्या किमतीवर २० टक्के, हे मार्जिन. मी मार्जिनच्या जागी मार्कअप धरून सबंध वर्षाचं बजेट केलं होतं. जास्त लिहवत नाही.

पहिल्याच पोस्टवरून

ताईंचे तीन चौकोन वाचून आठवलं. महिनाअखेरीला टार्गेटसाठी माल ढकलला की पुढच्या महिन्यात वितरक मागवतच नाही, मग कारखान्याला वाटतं खप आटला. प्रॉक्टर अँड गॅम्बलला हाच प्रकार बाळांच्या डायपरमध्ये दिसला होता: बाळं रोज तेवढीच ओली करतात, पण कारखान्यापर्यंत येईतो ऑर्डरी हिंदकळत असतात. त्याला बुलव्हिप म्हणतात, कारण चाबूक मुठीपाशी जरासा हलला तरी टोकाला केवढा झोका घेतो. आम्ही ते आपलं महिनाअखेरीचं काम समजत होतो.

कालच रुजू झाले

सगळं वाचलं. एक विचारू का? आमच्या दुकान-पाहणीच्या शीटमध्ये कितीतरी ठिकाणी "एनए" लिहिलंय. ते नॉट अव्हेलेबल की नॉट अ‍ॅप्लिकेबल? पहिलं असेल तर माल संपलाय म्हणून ओओएसमध्ये धरायचं, दुसरं असेल तर ते दुकान तो माल ठेवतच नाही. मला उद्या टक्केवारी द्यायचीय.

गोदामकर

दोन्ही असणार. शीट कोणी कोणी भरलीय ते बघा आणि आजच त्या सगळ्यांना फोन लावा.