मुंबईतलं अवॉर्डवालं फाइन डायनिंग: आईबाबांना कुठे नेऊ?

पेठेतली_लेक
नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आईबाबांच्या लग्नाला ऑगस्टमध्ये ४० वर्षं होतायत आणि मी आणि भावाने ठरवलंय की यावेळी साडी आणि शर्टपीस नको, मुंबईला नेऊन एकदम भारी, अवॉर्डबिवॉर्ड मिळालेल्या ठिकाणी जेवायला घालायचं. आम्ही पुण्याचे, मुंबईतलं फाइन डायनिंग म्हणजे रील्समध्ये बघितलंय तेवढंच. अडचण अशी की आई चातुर्मास पाळते, म्हणजे कांदा लसूण वांगं बंद, आणि बाबा श्रावणबिवण काही पाळत नाहीत, त्यांना मासे लागतात. आईला सात वाजता भूक लागते आणि दहाला झोप येते. बजेट चौघांचं मिळून पंचवीस हजारापर्यंत ताणू शकतो, त्याच्या वर गेलं तर भाऊ पळून जाईल. मिशेलिन स्टारवालं मुंबईत कुठलं आहे? प्लीज जाऊन आलेल्यांनीच सांगा, लिंका नकोत.

दादरचा_खवय्या
मिशेलिनचं, म्हणजे रेस्टॉरंटना स्टार देणाऱ्या त्या फ्रेंच गाइडचं, आधी डोक्यातून काढा, ते लोक भारतात येतच नाहीत, त्यामुळे मुंबई दिल्ली कुठेच कुणाला स्टार नाहीये. कुणी 'मिशेलिन स्टार शेफ' म्हणून बोर्ड लावला असेल तर तो स्टार त्या माणसाच्या लंडनच्या नाहीतर दुबईच्या हॉटेलचा असतो, इथल्या किचनचा नाही. इथे नाव चालतं ते 'एशियाज फिफ्टी बेस्ट'चं, म्हणजे आशियातल्या पन्नास उत्तम रेस्टॉरंटच्या दरवर्षीच्या यादीचं. त्यात मुंबईचं 'मास्क' २०२५च्या यादीत १९वं आणि भारतातलं पहिलं होतं. महालक्ष्मीला शक्ती मिलच्या गल्लीत, जुन्या लक्ष्मी वुलन मिलच्या आवारात आहे. बाहेरून बघितलं तर गोडाऊन वाटेल, आत गेलं की छत हे एवढं उंच. २०१६ला अदिती डुगर आणि शेफ प्रतीक साधू यांनी सुरू केलं, साधू २०२२ला बाहेर पडले, आता वरुण तोतलानी बघतात, आणि मजा म्हणजे हा माणूस तिथेच पहिल्यापासून ज्युनियर म्हणून होता. लडाखचं सी बकथॉर्न (आंबट नारिंगी फळ) वगैरे आणून कायकाय करतात, मी गेलो तेव्हा प्रत्येक प्लेटमागे एक गोष्ट सांगत होते. व्हेज मेन्यू वेगळा मिळतो.

पण मेन्यू कार्ड नाही बरं का. टेस्टिंग मेन्यू, दहाएक कोर्स, ते देतील ते खायचं. माणशी पाच हजाराच्या पुढेच धरा आणि वर टॅक्स, म्हणजे चौघांत तुमचं बजेट पाण्याचा ग्लास उचलायच्या आधीच भरलं. आणि दोन अडीच तास सहज जातात, दहाला झोपणाऱ्या माणसाला अवघड आहे.

तर्रीबाज
पंचवीस हजारात अख्ख्या खानदानाला मासवडी, पुरणपोळी आणि वर आइस्क्रीम होतं. एवढ्याशा प्लेटमध्ये मधोमध एक पान ठेवतात, त्यावर चिमट्याने दुसरं पान ठेवतात, आणि घरी येऊन वरणभात लावायचा. चालू द्या.

चमचा_काटा
तर्रीबाज, दर धाग्यावर तेच काय रे. त्यांनी कुठे जाऊ विचारलंय, जाऊ का नाही विचारलंय.

मी काही वर्षं या धंद्यात होतो म्हणून सांगतो, अवॉर्ड कशाचं ते बघून जा. मिशेलिनचे इन्स्पेक्टर ताटातलं बघतात असं निदान ते म्हणतात तरी, गालिचा आणि सोफ्याला स्टार नाही. फिफ्टी बेस्टचं तसं नाही, तिथे शेफ, फूड रायटर आणि खात फिरणारे लोक मत टाकतात, आपापल्या अनुभवावर. त्यामुळे जिथे काहीतरी नवीन चाललंय आणि ज्याची चर्चा आहे ते वर जातं. वाईट नाही, पण याचा अर्थ तुमच्या आईला आवडेल असा होत नाही, मत टाकणाऱ्यात कुणाचा चातुर्मास नसतो. उदाहरण द्यायचं तर बांद्र्याचं 'पापाज'. व्हेरॉनिकाज नावाचं सँडविचवालं आहे ना, जुन्या जूड बेकरीच्या जागेत, त्याच्या वरच्या मजल्यावर, जेमतेम बारा खुर्च्या, शेफ हुसेन शहजाद. 'टाइम' मासिकाच्या २०२५च्या जगातल्या भारी जागांच्या यादीतसुद्धा नाव आलं. माझं स्वतःचं आवडतं. पण त्यांच्या मेन्यूत मुंग्यासुद्धा येऊन गेल्यात, आईंना नेऊ नका हो.

त्याच लोकांचं आधीचं 'बॉम्बे कँटीन' मात्र तुमच्या कामाचं आहे. लोअर परळला कमला मिलमध्ये, २०१५ पासून. फ्लॉइड कार्डोझ यांचं डोकं होतं त्यामागे, आपला मुंबईचाच माणूस, न्यूयॉर्कला 'टबला' काढून तिकडच्या लोकांना आपले मसाले खायला लावले, मार्च २०२०ला कोविडने गेले. फिफ्टी बेस्टच्या ५१ ते १०० वाल्या वाढीव यादीत हेही येऊन गेलंय. इथे मेन्यू कार्ड मिळतं, मधे ठेवून चौघांनी वाटून खायचं, मोसमाप्रमाणे बदलतं, दुपारचं जेवणही असतं. बिल टेस्टिंग मेन्यूच्या निम्म्याच्या आसपास, दारू नाही घेतली तर. बाबांना मासे मिळतील. कांदा लसणाचं मात्र आधी फोन करून बोला, तिथे जाऊन टेबलावर सांगितलं तर किचनवाला फक्त कांदा उचलून काढेल, वाटणातला कसा काढणार.

साधीसुधी_सुनबाई
मी सासूबाईंना नेलं होतं गेल्या वर्षी एका अशाच गाजलेल्या ठिकाणी, नाव नाही घेत. बुकिंग करताना कांदा लसूण नाही असं दोनदा सांगितलं, मेलसुद्धा केला, आणि तिसऱ्याच कोर्सला लसणाचं तेल वरून शिंपडून आलं. त्या मुलाने सॉरी म्हटलं आणि बदलून आणलं, पण सासूबाईंनी त्यानंतर प्रत्येक प्लेट आधी नाकाशी धरून बघितली, सगळी मजा गेली. त्यामुळे बाई, जाण्याच्या आदल्या दिवशी परत फोन कर आणि बसल्या बसल्या वाढणाऱ्याला विचार की तुमच्या कागदावर लिहिलंय ना.

बाकी टेस्टिंग मेन्यूचं टेन्शन घेऊ नकोस, सासूबाईंनी अर्ध्या तासात ओळखलं, म्हणाल्या अगं ही पंगतच आहे की, आपण काही मागायचं नाही, ते वाढतील तसं खायचं, फक्त आग्रह कुणी करत नाही आणि भात कधी येणार ते कळत नाही. भात शेवटपर्यंत आलाच नाही 😄 पण पोट भरलं हां, ते पोट भरत नाही वगैरे खोटं आहे, आठव्या प्लेटला मीच हात टेकले.

आईंचंच बघायचं असेल तर सांताक्रूझला 'अवतारा' आहे, पूर्ण शाकाहारी टेस्टिंग मेन्यू. यांच्या दुबईच्या मूळ रेस्टॉरंटला २०२३ला मिशेलिन स्टार मिळाला आणि तिथलं जेवण कांदा लसणाशिवाय असतं, इथलं बुक करताना विचारून घे. पण मग बाबांचे मासे गेले.

पेठेतली_लेक
बापरे, केवढी माहिती, सगळ्यांचे आभार. सुनबाई, पंगतवालं वाचून दाखवलं, आई म्हणाली मग पंगतीला एवढे पैसे कशाला. बाबा म्हणाले 'अवतारा' म्हणजे तुझ्या आईचा वाढदिवस, माझं लग्न नाही का झालं. आता एक विचारते, ताजमधलं किंवा दुसऱ्या कुठल्या मोठ्या हॉटेलातलं कसं राहील? भाऊ म्हणतोय समुद्र दिसेल, फोटो होतील.

दादरचा_खवय्या
समुद्र दिसेल, बिलातही दिसेल. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं साडेसात हजाराच्या वर असतं तिथल्या रेस्टॉरंटला जीएसटी १८ टक्के, बाहेरच्या स्वतंत्र रेस्टॉरंटला ५. वीस हजारावर हिशोब करून बघा, सव्वीसशे रुपयांचा फरक पडतो. आणि सर्व्हिस चार्ज कुठेही असो, सक्तीचा नाही, मार्च २०२५ला दिल्ली हायकोर्टानेही तेच सांगितलं, नको असेल तर काढायला सांगा, लाजू नका. आवडलं तर वाढणाऱ्या मुलाच्या हातात द्या. ताजला फोटोच काढायचे तर समोर गेटवेवर उभं राहून काढा, फुकट आहे.

चमचा_काटा
+१. आणि दुपारचंच करा. पुण्याहून येताय तर सकाळी डेक्कन क्वीन, दादरला उतरून टॅक्सीने कमला मिल, एक वाजता टेबल घ्या, निवांत अडीच तीन तास बसा, आणि संध्याकाळी सीएसएमटीहून पाच दहाला तीच गाडी परत. आई दहाच्या आत आपल्या बिछान्यात. शनिवार रविवार टाळा, गोंगाट असतो, बाबांना ऐकायला कमी येत असेल तर कोपऱ्यातलं टेबल मागा.

अजून एक पर्याय म्हणून डोक्यात ठेवा, फोर्टला किताब महलमध्ये 'एका', शेफ नियती राव. शांत आहे आणि पदार्थ खरंच विचार करून केलेले असतात, पण मला वाटतं तुमच्या घरच्यांना थोडं जास्तच नवीन होईल. ते तुम्ही आणि भाऊ नंतर या.

तर्रीबाज
बरं एक कामाचं सांगतो मग. कँटीनला गेलात तर एग्स केजरीवाल असलं मेन्यूत तर बाबांसाठी घ्या. टोस्ट, चीज, मिरची, वर अंडं. विलिंग्डन क्लबातला जुना पदार्थ आहे. मी ऑफिसच्या पैशाने गेलो होतो.

साधीसुधी_सुनबाई
बघा, हे आणि आम्हाला वरणभात शिकवतायत 😂

पेठेतली_लेक
ठरलं! बॉम्बे कँटीन, मधल्या वारी, दुपारी. आत्ताच फोन झाला, त्यांनी कांदा लसूण नाही हे लिहून घेतलं आणि शेफशी बोलून परवापर्यंत कळवतो म्हणाले, आदल्या दिवशी परत करेनच. मास्क मी आणि भाऊ दिवाळी बोनस झाल्यावर बघू. घरी जाहीर केल्यावर आईचा पहिला प्रश्न, भात असतो ना? आणि बाबांना जेवणापेक्षा डेक्कन क्वीनचाच आनंद झालाय, म्हणतायत जाताना डायनिंग कारमध्ये बसून ऑम्लेट खायचं आणि येताना कटलेट. मी म्हटलं बाबा मग मधे भूक कुठे राहणार, तर म्हणे ते तुमचं फाइन डायनिंग असतंच एवढंसं.