पक्षी म्हणे कुठल्याही झाडावर बसतोय

शहापूरकर: काल एकानं लिहिलंय, "देशी झाडं हे सगळं फॅड आहे, गुलमोहर लावा, लवकर वाढतोय, पक्षी काय कुठल्याही झाडावर बसतोय." वाचून डोकं फिरलं म्हणून लिहालोय. बसणं आणि जगणं एकच काय? गुलमोहर मादागास्करचा, रेन ट्री दक्षिण अमेरिकेचा. आमच्या मागच्या लेआउटला तर कोनोकार्पस ह्या परदेशी शोभेच्या झाडाची रांग लावलीय, गुजरातनं 2023 मध्ये त्याच्यावर बंदी घातली तरी आमच्याकडं लावालेत. त्याच्या पानावर एक अळी दिसत नाही, मग शिंपी पक्षी पिल्लांना काय भरवणार? आणि आमच्या परसातला उंबर पिकला की तांबट, बुलबुल, रात्री वटवाघळं, नुसती झुंबड.

वडगावची अक्का: तुमचं परस मोठं आहे हो. शेजारच्या पिंपळानं आमच्या कंपाउंडला भेग पाडलीय, तो खर्च कोण देणार? जांभळाखाली गाडी लावून बघा एकदा.

अनगोळकर: बाहेरचं नको तर झेंडू पण काढा, तो मेक्सिकोचा. खंडेनवमीला गाडीला हार कशाचा घालणार?

शहापूरकर: झेंडूचं कोण बोललं? विषय झाडांचा आहे.

अनगोळकर: मीच बोलतोय. आमची आई अंगणात झेंडू लावत आली, त्याच्यावर फुलपाखरं येतात, मी डोळ्यानं बघितलंय. उगाच शहाणपण शिकवू नका. मिरची पण पोर्तुगीजांनीच आणली, सोडा बघू ठेचा.

खानापूरकर: येतात की, मध प्यायला. खरं अंडी कुठं घालणार? टणटणीवर, म्हणजे घाणेरीवर पण येतात, म्हणून काय टणटणी लावायची? आमच्याकडं तिनं गुरांचं रान गिळलंय. ती फिकट पिवळी फुलपाखरं बहाव्याच्या कोवळ्या पानावर अंडी घालतात. कढीपत्त्यावर मॉर्मन फुलपाखराची अळी बघा, लहानपणी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार, बोट लावलं की डोक्यामागून लाल शिंग काढते.

वडगावची अक्का: म्हणजे माझा कढीपत्ता खाते ती हीच? मी तिच्यावर औषध मारते! बरं, एक फांदी सोडते तिला. खरं पिंपळ मागू नका.

शहापूरकर: अक्का, पिंपळ-उंबर भिंतीला चिकटून लावायची झाडंच नव्हेत, ती मोकळ्या जागेत. घराजवळ कढीपत्ता, लिंबू बास झाला. लेआउटच्या कडेला पहिल्या पावसात करंज आणि बहाव्याचे खड्डे घेणार आहोत, कोण येणार?

अनगोळकर: कुदळ घेऊन येतो. आधी झेंडू चालतो म्हणून लिहा.